पाहायचं, पण हात लावायचा नाही

देशाची सुरक्षा एकाच खात्याकडे दिली तर ते चुकून सुरक्षा करूनही बसेल. म्हणून ती दोघांत वाटलेली असते. हेरखात्याने सगळं जाणायचं, पण कुणाला हात लावायचा नाही. पोलिसांनी हात लावायचा, पण आधी काही जाणायचं नाही. आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. समजायला अगदी सोपं आहे, फक्त हसू आवरावं लागतं.

हेरखात्याचा एक माणूस रोज न्हाव्याच्या दुकानात बसून समोरच्या रंगवाल्यावर पाळत ठेवी. या रंगवाल्याने वीजकेंद्राच्या किल्ल्या चोरल्या होत्या आणि त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने तो त्या सीमेपार नेणार होता. पण एक इसम आपल्या दुकानाकडे टक लावून बसतो, अशी तक्रार रंगवाल्यानेच केली. पोलीस नको तेव्हा तत्पर असतात. त्यांनी पाळतवाल्याला उचललं आणि ठाण्याच्या शिरस्त्याप्रमाणे त्याची पिशवी टेबलावर रिकामी केली.

फौजदार निघाला त्याचा सख्खा मेहुणा. भाऊजी वजनमापे खात्यात आहेत, अशी घरच्यांची समजूत होती.

"भाऊजी, न्हाव्याकडे बसून काय मापत होता?"

"सांगता येत नाही."

"मग ताईला काय सांगू?"

"तिला तर मुळीच नको."

तेवढ्यात रंगवाला तक्रारीवर सही करायला आला. पिशवी काखेत घट्ट, डोळे घड्याळावर. याचीही पिशवी बघ, असं पाळतवाल्याने मेहुण्याला हळूच सुचवलं. मेहुण्याने समजावलं की तक्रारदार हा सभ्य गृहस्थ असतो, पिशव्या आरोपींच्याच बघतात.

पाळतवाला उठला आणि त्याने सभ्य गृहस्थाच्या कानाखाली वाजवली. गृहस्थाने तीच पिशवी त्याच्या डोक्यात हाणली. ठाण्यातच मारामारी झाली, म्हणजे दोघेही आरोपी. दुसरी पिशवीही टेबलावर उपडी झाली.

वीजकेंद्राचा शिक्का असलेल्या किल्ल्या बघून मेहुणा बराच वेळ भाऊजींकडे पाहत राहिला.

पुढे पोलिसांना दक्षतेबद्दल शाबासकी मिळाली. हेरखात्याने आपल्या माणसाला कामाबाहेर हात वापरल्याबद्दल नोटीस धाडली.

रविवारी जेवताना मेहुण्याने बहिणीला भाऊजींच्या कपाळावरच्या टेंगळाचं कारण सांगितलं, की एक दुकानदार मापात फसवत होता, भाऊजींनी त्याला चांगलीच लगावली.

तिने नवऱ्याला निरखून पाहिलं. "चला," ती म्हणाली, "नुसतं बघत बसणं सुटलं म्हणायचं."