घासलेली नाणी

बाबांनी मला नाणी जमवायला शिकवलं, तेव्हा पहिलीच ताकीद दिली होती की नाणं कधी घासायचं नाही. दिव्याखाली तिरकं धरून ते दाखवायचे, “हे बघ, एकाच दिशेचे बारीक ओरखडे. याची चमकही खोटी. घासलेलं नाणं कायमचं वाया जातं.”

काल दुपारी मी घरी आले, तर बाबा बेसिनपाशी उभे राहून टूथपेस्टने आपली चांदीची नाणी खसाखसा घासत होते. गेलं वर्षभर ते एकेक गोष्ट विसरत चालले होते. पण नाणी तेवढी शाबूत राहतील, असं मी धरून चालले होते.

“बाबा, काय करताय हे?”

“किती मळली होती गं! या घरात कुणाचं लक्षच नाही.” ते मनापासून खूश होते.

एक नाणं मी खिडकीपाशी तिरकं धरलं. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

“अजून आहेत का गं?” त्यांनी विचारलं.

कपाटात एक डबा उरला होता. तो लपवता आला असता, पण कुणासाठी? मी तो त्यांच्यापुढे ठेवला आणि टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले.