ताईच्या पुढे जायचं ते मी

मी धाकटा बोलतोय. ओळखलं नाहीत? हँगरच्या कोपऱ्यातलं ते वैमानिकाला बसायला जागाच नसलेलं विमान, तो मी. माणूस चालवतो त्या लढाऊ विमानाच्या बाजूनं उडायचं आणि धोका दिसला की त्याच्या आधी पुढे व्हायचं, एवढ्यासाठी मला घडवलंय. थोडक्यात, मार खायची वेळ आली तर तो मी खायचा.

कागदोपत्री माझं नाव म्हणजे नुसते आकडे. पण माझ्या जोडीच्या विमानाची वैमानिक पहिल्याच दिवशी म्हणाली, "चल रे धाकट्या!" तेव्हापासून मी धाकटा आणि ती माझी ताई.

उडायला मी ताईचं बघूनच शिकलो. इंजिनियर मंडळींनी तिची सगळी उड्डाणं माझ्या डोक्यात भरली आणि तिथेच घोळ झाला. उतरण्याआधी ताई खाली उभ्या मेकॅनिक काकांना पंख हलवून दाखवते, आले हं मी! मला वाटलं, उतरायची रीतच ती. मीही झोकात पंख हलवले. मुख्य इंजिनियरबाईंनी कपाळावर हात मारला. काका मात्र चहाचा कप उंचावून हसले, "राहू द्या हो बाई, चांगलं वळण लागलंय पोराला!" खोड राहिली.

मग आली परीक्षा. क्षेपणास्त्रं खोटी, निकाल खरा. ताईनं मला पुढे धाडायचं होतं. आयत्या वेळी तिची जीभ रेटेना आणि ती स्वतःच पुढे घुसली. कागदावर ताई मेली, मी ठणठणीत! परीक्षक साहेब भडकले, "यानं तुम्हाला वाचवायचं, की तुम्ही याला? पुन्हा असं झालं तर प्रकल्प गुंडाळा."

मला ताईचा भयंकर राग आला. शेजारी नुसतं मिरवायला का माझा जन्म झालाय?

संध्याकाळी ती हँगरमध्ये आली. काका माझी चाकं पुसत होते.

"काका, जीव गुंतला हो याच्यात."

"माझाही गुंतलाय. पण दोघांतलं एकच परत यायचं असेल, तर मला तू हवीस, पोरी. विचार त्याला, तोही हेच म्हणेल."

म्हणालो असतोच. पण मला तोंड कुठे दिलंय?

पुढच्या परीक्षेत कानावर ताईचा आवाज आला, जरा घोगरा. "धाकट्या, पुढे हो." मी जो सुसाट सुटलो! कागदावर माझ्या चिंधड्या उडाल्या, ताई सुखरूप, प्रकल्प पास. मेलेल्या मी उतरताना मजेत पंख हलवले, तर काका हसता हसता डोळे पुसायला लागले.

आता आम्ही खऱ्या कामगिरीवर निघणार आहोत. ताई, वेळ आली की मला असंच पुढे धाड. आवाज घोगरा झाला तरी चालेल, पण थांबू नकोस. आणि एकटीच परत आलीस, तर काकांना पंख दोनदा हलवून दाखव. एकदा तुझे आणि एकदा माझे.