मनातल्या मनात

"तो मोठ्याने वाचतोय तोवर निर्धास्त राहा. मनातल्या मनात वाचायला लागला, की जवळ जाऊन बस," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांना अक्षरओळख बेताचीच. मी एम.ए. झालेली. हसून सोडून दिलं.

नवऱ्याची दारू सुटून तेव्हा अकरा महिने झाले होते. काच कापायच्या कारखान्यातून तो सहाला यायचा, हात धुवायचा आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून बायबलमधलं एक स्तोत्र खणखणीत वाचायचा. पाळकांनीच हा नेम घालून दिला होता. मग डोळे मिटून, "प्रभू, आजचा निभावला, उद्याचंही बघ." भाजी चिरता चिरता सासूबाई "आमेन" म्हणायच्या.

मग चिमी झाली. संध्याकाळी जेमतेम डोळा लागायचा तिचा.

"अरे, हळू! देव काही बहिरा नाही," मी म्हटलं.

"तुझी लेक मात्र भलत्याच तिखट कानाची," तो हसला. दुसऱ्या दिवसापासून पुस्तक घेऊन बाल्कनीत बसू लागला. नुसते ओठ हलायचे. घर कसं शांत! मैत्रिणींना मी कौतुकाने सांगायचे.

एकदा धूळ पुसताना पुस्तकातली लाल फीत पाहिली. चिमीच्या बारशाच्या आठवड्यात होती त्याच पानावर. मधे दोन महिने गेले होते. चिमीचा ताप दिवसातून चारदा बघणारी मी!

त्या संध्याकाळी म्हटलं, "आज इथे बस. मोठ्याने वाच."

"चिमी उठेल."

"उठू दे."

तिसऱ्या शब्दाला त्याची जीभ अडखळली, पाचव्याला घसरली. आणि तोंड उघडलं तसा तो वास आला.

सासूबाईंची सुरी थांबली. "ह्याचा बापही शेवटी शेवटी तोंड मिटूनच वाचायचा."

"मग मला नीट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तू शिकलेली."

एवढ्या आवाजातही चिमीची झोप मोडली नाही.

तो आता पुन्हा व्यसनमुक्ती केंद्रात आहे; कारखान्यातली जागा गेली. पाळक म्हणतात, प्रार्थना वाया जात नाही. नसेल जात. पण ती गप्प कोणी केली, ते मला ठाऊक आहे.

तुमच्या घरात सावरू बघणारं कोणी हल्ली फार शांतपणे वाचत बसत असेल, तर आजच शेजारी जाऊन बसा. म्हणा, मलाही ऐकू दे.