मडगार्डातले डाळिंबाचे फूल

मी एक जुनी व्होल्गा गाडी आहे. कोकंद गावात, तोलिब उस्ताच्या, म्हणजे तोलिब कारागिराच्या, गाडीदुरुस्तीच्या कारखान्यात, चार ओंडक्यांवर उभी आहे. चाके नाहीत, काचा नाहीत, अंगावर रंगाचा टिपूस नाही. मित्रांनो, गेले चार दिवस मी जीव मुठीत धरून काढले.

मी नवी होते तेव्हा फिकट निळी होते आणि माझ्या नाकावर चकचकीत हरीण उडी मारत असे. माझे मालक मीरवली उस्ता घरांच्या भिंतींवर पांढऱ्या गिलाव्यात नक्षी कोरत. त्यांची मुलगी झुलहुमोर माझ्या मागच्या सीटवर झोपत झोपत मोठी झाली. तिची वरातही माझ्यातूनच गेली.

एका बाजाराच्या दिवशी खरबुजांनी भरलेली गाढवगाडी मागून आदळली आणि माझ्या मागच्या डाव्या मडगार्डाला मुठीएवढे भोक पडले. मालक हसले. "लोकांच्या भिंती बुजवतो मी, हा एवढासा पत्रा मला जड आहे होय?" त्यांनी गिलावा कालवला, भोकात भरला, घोटला, वरून रंग दिला. हात फिरवला तरी कळेना. गावभर वाहवा झाली आणि मीही फुगले.

पण गिलावा पाणी पितो. दर हिवाळ्यात तो ओला व्हायचा आणि माझे लोखंड आतून सोलवटायचे. दुखत होते, पण लोक "काय गाडी आहे!" म्हणत, ते गोड वाटायचे. मालक गेले. मग दहा वर्षे मी जर्दाळूच्या झाडाखाली कोंबड्यांची झाले.

झुलहुमोरच्या मुलाचे लग्न ठरले. नवरी माझ्यातूनच आणायची म्हणून ती मला इथे घेऊन आली. तोलिब तिला ओपा, म्हणजे ताई, म्हणतो. त्याने स्पष्टच सांगितले, "ओपा, मागचं चाक पेलणारी वरची जाड पट्टी शाबूत असेल तर रंगवतो. सडली असेल तर भंगारात द्या. मढ्याला रंग लावायचं काम मी करत नाही."

तेव्हापासून माझ्या काळजाचे पाणी झाले. ती पट्टी त्या गिलाव्याखालीच होती.

दृष्ट लागू नये म्हणून त्याने आधी माझ्याभोवती इसिरिक नावाच्या रानझुडपाची धुरी फिरवली. धुरीने का गंज जातो? मग सीटा निघाल्या, तारा निघाल्या, हरीणही निघाले. अंगावर औषध फासले. रंगाला फोड आले आणि पत्र्याच्या तुकड्याने खरवडताच सालपटे गळू लागली. शेवटी त्याने फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले. दारावर चिकटले. टपावर चिकटले. हात डाव्या मडगार्डाकडे सरकला तसे मला वाटले, आता संपले.

चुंबक खाली पडले.

"बघा, थोरल्या उस्तांनी फसवलंय आपल्याला," तोलिब म्हणाला.

"माझ्या बाबांनी कुणाला फसवलेलं नाही हं, उका!" धाकट्या भावाला दटावावे तशी झुलहुमोर कडाडली.

त्याने डिकीचे अस्तर उचकटले आणि दोघे वाकून आत बघू लागले. भोकातून आत आलेल्या गिलाव्यावर डाळिंबाचे फूल कोरलेले होते. कुणाला दिसणार नव्हते, तरी मालकांना राहवले नव्हते. त्यांनी सजवलेली घरे रस्त्यासाठी कधीच पाडली गेली होती. त्यांच्या हातचे एवढेच उरले होते.

झुलहुमोरने फुलावर बोट फिरवले. "हे राहू दे. बाकीचं रंगव."

मित्रांनो, भंगाराचीही मला इतकी भीती वाटली नव्हती. ते फूल मलाही प्रिय होते. आणि तेच मला खात होते.

"ओपा, हे ठेवलंत तर नवरीला मधेच रस्त्यावर उतरवावं लागेल. मागचं चाक निखळेल," तोलिब म्हणाला. "सगळं ओलं आहे. हात लावून बघा."

ती ओंडक्यावर बसली. चहा आला, निवला. मग तिने डोळे पुसले.

"बाबा शिकाऊ पोरांना सांगायचे, ओल धरलेला गिलावा पाडायचा. कुणाच्याही हातचा असो. आण तो हातोडा."

पहिला घाव तिनेच घातला. गिलावा ढासळला, तिच्या बाह्या पांढऱ्या झाल्या. आत मडगार्डाचा पत्रा चाळणीसारखा झाला होता. तोलिबने दाभण घेतले आणि त्याखालच्या पट्टीत जोर लावून खुपसले. मला वाटले, आरपार जाणार.

टक्. दाभण थांबले.

"थोडक्यात वाचली," तो म्हणाला. "अजून एक हिवाळा गेला असता तर पीठ झालं असतं."

आता सडलेले कापून नवा पत्रा जोडला आहे. उद्या रंग. भीती अजून पुरती गेलेली नाही; उघड्या लोखंडाला दवाचीही धास्ती असते. पण आत काही लपलेले नाही, म्हणून हलके वाटते. झुलहुमोरने त्या फुलाची एक पाकळी रुमालात बांधून नेली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी वस्तू असेल तर तिला नुसती वरून पुसू नका, आतही बघा. आणि तुमच्याच आत काही दुखत असेल, तर लोक कितीही छान म्हणोत, कुणाला तरी सांगा. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.