कोरा कागद आणि उणे तीस

झेरॉक्सच्या दुकानावर एक हॉल होता आणि त्याचा जिना सकाळी आठलाच भरून जायचा. आयांच्या हातात प्लॅस्टिकच्या फायली, वडिलांच्या चेहऱ्यावर उसना धीर, आणि मुलं आपापल्या बुटांकडे बघत उभी. सगळ्यांचं दुखणं एकच. मुलांना शिकायला परदेशी जायचंय आणि गुणपत्रिकेत कुठेतरी 'नापास' हा शब्द ठाण मांडून बसलाय. त्यावर कोरेबाबांकडे इलाज आहे, असं अर्धं शहर सांगत होतं, आणि उरलेलं अर्धं रांगेत होतं.

रक्तपेढीत काम करणारी एक आई त्या रांगेत लेकीला घेऊन उभी होती. लेक एकाच सत्रात तीन विषयांत नापास झाली होती, त्यात रसायनशास्त्रही. पुढच्या सत्रात तिन्ही विषय सुटले, तेही चांगल्या गुणांनी. पण ज्या सत्रात ती नापास झाली, ते म्हणजे तिच्या वडिलांच्या आजारपणाचे शेवटचे महिने होते. गुणपत्रिकेचं ते पान आईला डोळ्यांसमोर नको व्हायचं.

"आई, अर्जात सरळ विचारलंय," लेक हळूच म्हणाली. "कधी नापास झाला होता का, आणि का. खाली लिहायला जागाही दिलीय. आपण लिहू ना खरं काय ते."

"आणि ते वाचून तुला बोलावतील? एवढी धड पास झालेली पोरं सोडून?" आई म्हणाली. "तू गप्प राहा गं. तुझ्यासाठीच करतेय मी."

आत बाबांचा लेखनिक बसला होता, मोठा टापटीप माणूस. तो गुणपत्रिका बघून जाड कागदावर सुंदर अक्षरात दोष उतरवायचा: विषय, वर्ष, नापास. पेन त्याचंच. दुसरं पेन चालत नाही, हे तो प्रत्येकाला बजावायचा. मग कागद बाबांकडे जायचा. बाबांसमोर तांब्याची थाळी होती आणि थाळीखाली दिवा तेवत होता.

"कागद म्हणजे काय? जन्माचा आरसा," बाबा डोळे मिटून म्हणाले. "शाई म्हणजे काय? मनाची काजळी. काजळी गेली की आरसा लख्ख."

सत्र परीक्षेचा आणि काजळीचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. बाबांनी कागद थाळीवर ठेवून वरून तळवा फिरवला. अक्षरं फिकी पडत गेली आणि बघता बघता कागद कोरा झाला. शेजारच्या एका गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. आईने हात जोडले.

"नीट ऐक, ताई," बाबा म्हणाले. "हा दोष आता तुझ्या लेकीचा राहिला नाही. अर्जात विचारतील, तिथे 'नाही' लिहायचं. 'हो' लिहिलंत तर पुसलेलं परत उमटेल. आणि हा कागद जप. स्वच्छ जागी, परका हात लागणार नाही असा."

"पण बाबा, मूळ गुणपत्रिकेवर तर तसंच दिसतंय," मागून कुणीतरी म्हणालं.

"ज्याला दिसतंय त्याच्या नजरेत दोष आहे," बाबा म्हणाले. विचारणारा ओशाळला.

आईच्या माहितीत सगळ्यांत स्वच्छ जागा एकच होती. रक्तपेढीतला प्लाझ्माचा फ्रीझर, उणे तीस अंशांचा. पंधरा वर्षं तो तिच्या ताब्यात होता. रोज दोनदा तपमान बघायचं आणि वहीत नोंदवायचं. नोंद चुकली तर ती पुसायची नाही, गिरवायची नाही. चुकीचा आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला हे तिनेच शिकवलं होतं आणि चुकणाऱ्यांची खरडपट्टीही तिनेच काढली होती. कागद पिशवीत घालून तिने सगळ्यांत खालच्या खणात मागे सरकवला. फ्रीझरमध्ये प्लाझ्माखेरीज काही ठेवायचं नाही, हा पंधरा वर्षांत तिने मोडलेला पहिला नियम.

घरी लेकीने अर्ज भरला. त्या प्रश्नापाशी तिचा हात थांबला, तेव्हा आई मागेच उभी होती. लेकीने 'नाही' लिहिलं.

प्रवेश मिळाला. आईने सगळ्या रक्तपेढीला ही बातमी सांगितली, लेकीसाठी मोठी निळी बॅग आणली. आणि मग दीड महिन्याने विद्यापीठाचं दुसरं पत्र आलं. त्यांनी कॉलेजकडून सगळ्या सत्रांचे निकाल थेट मागवून घेतले होते. लेकीने पत्र मोठ्याने वाचलं. नापास विषयांमुळे प्रवेश नाकारला नसता, तशी कारणं आम्ही समजून घेतो. पण माहिती लपवल्यामुळे दिलेला प्रवेश रद्द करत आहोत. तिने ते पुन्हा एकदा मनात वाचलं आणि ती बॅगेशेजारी जमिनीवर बसली. रडली नाही. ती रडली असती तर आईला बरं वाटलं असतं.

बाबांना जाब विचारायचा म्हणून दुसऱ्या दिवशी आईने कागद घ्यायला फ्रीझरचा खण उघडला. पिशवीतल्या कागदावर अक्षरं होती. सगळी, होती तशी. रसायनशास्त्र, नापास. परत उमटेल, असं बाबा म्हणाले होते. पण 'हो' तर कुणी लिहिलंच नव्हतं.

रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई आपल्या खोलीत चहा पीत होत्या. आईने कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, मोडलेल्या नियमासकट. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चहाचा वाफाळता स्टीलचा पेला त्या अक्षरांवर ठेवला आणि थोड्या वेळाने उचलला. खाली पेल्याएवढा गोल कोरा झाला होता.

"ही शाई तापली की दिसेनाशी होते. जात कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "कडक थंडीत परत दिसायला लागते. अशी पेनं मिळतात बाजारात. आपल्याकडे नोंदींसाठी त्यांना बंदी आहे. पाटी तुम्हीच लावलीत ना दारावर?"

पाटी तिनेच लावली होती.

घरी तिने लेकीला हे सांगितलं. लेक म्हणाली, "थाळी तापलेली होती, आई. मला तेव्हाच शंका आली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"रसायनशास्त्रात नापास झालेलीचं कोण ऐकणार होतं?"



पुढच्या आठवड्यात ती हॉलमध्ये गेली. डॉक्टरीणबाईंना विचारून तिने प्लाझ्मा पाठवायची पेटी बरोबर घेतली होती, ड्राय आइसने म्हणजे कोरड्या बर्फाने भरलेली. नुकताच कोरा झालेला कागद हातात घेऊन एक गृहस्थ मुलासोबत बाहेर पडत होते. तिने तो मागून घेतला आणि सगळ्यांसमोर बर्फावर ठेवला. गणित, नापास. अक्षरं एकेक करून वर आली. जिन्यातले लोक बघायला पुढे सरकले.

"शंकेखोर माणूस आलं की असंच होतं," बाबा म्हणाले.

"मी जाते जिन्यात," आई म्हणाली. "तुम्ही दिवा विझवा आणि गार थाळीवर पुसून दाखवा. नाहीतर माझ्या पेनाने लिहिलेलं पुसा."

बाबांनी लेखनिकाकडे पाहिलं. लेखनिक पेन खिशात घालत होता.

"याने माझ्या तोंडाला पानं पुसली, ते एकवेळ सोडा," ती रांगेकडे वळून म्हणाली. "माझ्या मुलीची जागा गेली. नापास झाली म्हणून नाही, मी लपवायला लावलं म्हणून. माझ्या वहीत चुकीचा आकडा मी कधी पुसू देत नाही. पुसलं की आमच्या सगळ्या वहीवरचाच विश्वास जातो. एवढं कळत असून मी अक्कल गहाण टाकली. तुम्ही टाकू नका. कागद कोरा झाला म्हणून झालेली गोष्ट न झाल्यासारखी होत नाही. हे कसं होतं, असं विचारा. तापवून बघा, गार करून बघा. आणि पोरांना खरं लिहू द्या. लिहायला जागा दिलेली असते."

काही लोक उतरून गेले. काही तसेच उभे राहिले, आणि दोघांनी तर तिलाच बाजूला व्हायला सांगितलं. कागदवाल्या गृहस्थांनी आपला कागद खिशात ठेवला आणि मुलाला म्हणाले, "चल घरी. बसून लिहू."

त्या विद्यापीठाचं दार लेकीला बंद झालं ते झालंच. वर्ष गेलं. तिने दुसरीकडे अर्ज करायला घेतला आणि आता प्रवेश रद्द झाल्याचंही त्यात लिहावं लागणार होतं. ती जेवणाच्या टेबलाशी बसली, साधं बॉलपेन घेऊन आधी कच्चं लिहीत. वडील अतिदक्षता विभागात होते आणि मी सकाळी तिथूनच परीक्षेला जात होते, एवढं लिहून ती थांबली.

"आई, रसायनशास्त्राचा पेपर झाला त्याच संध्याकाळी ते गेले ना? नक्की तारीख कोणती गं ती? त्या आठवड्यातले सगळे दिवस माझ्या डोक्यात एकच झालेत."

ते गेल्यापासून आईने ती तारीख तोंडातून काढली नव्हती. ती टेबलाशी येऊन बसली आणि तिने तारीख सांगितली. लेकीने ती लिहून घेतली.