मधल्या रांगा

सिनेमा काढणाऱ्याला वाटतं, सिनेमा आपल्यामुळे झाला. थिएटरच्या मालकाला वाटतं, तो आपल्यामुळे चालला. मधल्या माणसाची आठवण दोघांनाही होते ती सिनेमा पडल्यावर. ताईचे बाबा जन्मभर असे मधले माणूस होते. कुठे कुठे तयार झालेले सिनेमे पाहून यायचे, एखादा उचलायचे आणि आपल्या भागातल्या थिएटरांना लावून द्यायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्यामागे जिन्याखालचं दोन खोल्यांचं ऑफिस उरलं, आणि त्या ऑफिसचं काय करायचं हा प्रश्न.

मामाचं मत स्पष्ट होतं. मामा म्हणजे आईचा भाऊ. बाबांसाठी पोस्टरं लावणं, थिएटरांत फिरणं, मालकांशी गप्पा मारणं हे सगळं त्यानंच केलेलं. तो म्हणाला, "अगं, मोठ्या कंपन्या आता एका दिवसात सगळीकडे सिनेमा लावतात. बसथांब्यावर हिरो, फोनवर हिरो, दुधाच्या पिशवीवर हिरो. आपण कुठे पुरे पडणार? सगळा भाग त्यांना देऊन टाकू नि मोकळे होऊ."

"एक सिनेमा माझ्या मनानं लावू दे," ताई म्हणाली. "तो पडला तर कुलूप मी स्वतः लावीन."

मामानं मान डोलावली. मान डोलावताना तो दुसरीकडे बघत होता, म्हणजे त्याला कुलूप दिसू लागलं होतं.

तिनं निवडलेल्या सिनेमात हिरो नव्हता. एका इमारतीची लिफ्ट बंद पडते आणि वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं जिन्यावर भेटू लागतात, एवढीच गोष्ट. दूरच्या एका शहरात चार-पाच जणांनी मिळून तो केला होता. तिथे कंपनी-बिंपनी काही नसते. जो कॅमेरा धरतो तोच दुसऱ्या दिवशी सामानाची गाडी चालवतो. दिग्दर्शिका खांद्याला एक पिशवी अडकवून, स्वतःच पोस्टरांची गुंडाळी घेऊन आली. पोस्टरवर जिन्याच्या वळणावर ठेवलेली एक रिकामी खुर्ची होती.

"हे कुणी केलं?" मामानं विचारलं.

"माझ्या वहिनीनं."

"छान आहे. फर्निचरचं दुकान आहे का त्यांचं?"

दिग्दर्शिका इतकी मनापासून हसली की मामाचा पुढचा टोमणा घशातच राहिला.

थिएटरच्या मालकाकडे दोन हॉल. खालचा मोठा, वरचा छोटा. बाबा आयुष्यभर प्रत्येक सिनेमा मोठ्या हॉलमध्येच लावत आले; तो त्यांच्या इभ्रतीचा भाग होता. ताईनं मालकाकडे छोटा मागितला. मालकानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुझे वडील असते तर मला फाडून खाल्लं असतं." मग त्यानं शुक्रवारचा सकाळचा एक खेळ दिला. लोकांना आवडला असं त्याला स्वतःला दिसलं, तर आठवडाभर ठेवीन. नाही तर दुपारपासून पोस्टर खाली. खालच्या हॉलला दुपारी मोठ्या हिरोचा सिनेमा लागायचाच होता. त्याचा पुतळा आदल्या दिवसापासून दारात एक पाय पुढे टाकून उभा होता, आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला त्या पायाला वळसा घालावा लागत होता.

शुक्रवारी सकाळी छोटा हॉल जवळजवळ भरला. मामानं ओळखीपाळखीची माणसं गोळा केली होती, दवाखान्यातून रात्रपाळी संपवून आलेल्या नर्सबाई होत्या, नुसतं खुर्चीचं पोस्टर पाहून आलेलेही काही होते. आईसुद्धा आली. बाबांच्या हयातीत ती क्वचितच यायची. आज मात्र चांगली साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन, परीक्षेला बसल्यासारखी बसली होती.

आणि सिनेमा सुरू होईना.

ताई धावत ऑपरेटरच्या खोलीत गेली. ऑपरेटर शांतपणे मशीनकडे बोट दाखवून म्हणाला, "किल्ली लागत नाही."

हल्ली सिनेमा डिस्कवर येतो, पण कुलूपबंद. त्याची किल्ली वेगळी येते, तीही एकाच मशीनसाठी बनवलेली. ज्या प्रोजेक्टरचा नंबर कळवाल त्याच्यावरच ती चालते, शेजारच्यावर नाही. हे नंबर कळवायचं काम बाबांच्या वेळेपासून ताईच करत होती. तिनं पाठवलेला मेसेज उघडून पाहिला. नंबर खालच्या मोठ्या हॉलचा होता. छोटा हॉल मिळावा म्हणून तिनं मालकाशी वाद घातला, मामाशी घातला, मनातल्या मनात बाबांशीही घातला. आणि नंबर लिहायची वेळ आली तेव्हा बोटांनी सवयीनं बाबांचाच हॉल लिहिला.

दिग्दर्शिकेनं किल्ली देणाऱ्या कंपनीला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. कंपनी समुद्रापलीकडची, तिथे अजून उजाडलंही नव्हतं.

तोवर मालक वर आला. काय झालं ते ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "आता लोकांना काय सांगू? परत जा म्हणून? परत गेलेला माणूस पुन्हा येत नसतो."

"खालचा हॉल आत्ता रिकामा आहे ना?" ताईनं विचारलं.

"दुपारपर्यंत आहे. पण तुमचा सिनेमा, त्यात मध्यंतर, मग झाडलोट…"

"मध्यंतर नको."

"आणि माझं कँटीन? ते काय समोशांवर प्रवचन देत बसेल?"

"खेळ सुटल्यावर सगळे भुकेलेलेच बाहेर येतील. दुप्पट खातील."

मालकाला हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. "चला तर मग. पण एक सांगतो, खाली ही एवढीशी माणसं म्हणजे डोक्यावर चार केस. मला वरून काचेतून सगळं दिसतं हं."

ते ताईला पक्कं ठाऊक होतं. मालकाच्या केबिनला हॉलकडे एक मोठी काच होती आणि त्या काचेसाठी बाबांची खास युक्ती होती. गर्दी कमी असली की ते दारात उभे राहून माणसं विखरून बसवायचे. दोन इथे, तीन तिथे, एक जोडपं पार कोपऱ्यात. वरून पाहणाऱ्याला हॉल भरल्यासारखा वाटे. मामानं हे शेकडो वेळा केलं होतं. लोक जिना उतरून खाली आले तसा तो न सांगताच कामाला लागला. "या काकू, तुम्ही इकडे भिंतीकडे. तुम्ही दोघे मागे जा, मोकळं बसा ऐसपैस."

"मामा, थांब," ताई म्हणाली. "सगळ्यांना मधल्या रांगांमध्ये बसव. एकाला एक लागून. मध्ये खुर्ची सोडायची नाही."

"अगं वेडी आहेस का? वरून नुसता मधला ठिपका दिसेल! बाकी सगळं ओसाड!"

"दिसू दे."

"तुझे बाबा असते तर…"

"बाबा मारामारीचे सिनेमे आणायचे, मामा. मारामारी माणूस एकटाही बघतो. हसायला शेजारी लागतो."

 मामानं वळून आपला पोस्टरवाला आवाज लावला. "काकू, उठा, इकडे मध्ये या! नर्सबाई, सरका जरा, लग्नाच्या पंगतीसारखं बसायचंय! अहो, लाजता काय, खुर्ची काही चावत नाही!"

लोक कुरकुरले, सरकले, पिशव्या मांडीवर घेतल्या. एवढ्या प्रचंड हॉलमध्ये खेटून बसायला लागल्यावर त्यांना आपलंच हसू येऊ लागलं. दिवे मालवले. किल्ली लागली.

ताई बसली नाही. बाजूच्या दाराशी, अंधारात, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. लिफ्ट बंद पडली, माणसं जिना चढली, उतरली, एकमेकांना टाळत राहिली. कुणीतरी खोकलं. ताईला वाटलं, हेच जर वर छोट्या हॉलमध्ये असतं… मग पडद्यावर एक म्हातारा आला. त्याला चौथ्या मजल्यावर जायचं होतं. तो घरातली खुर्ची उचलून एक जिना चढे, खुर्ची ठेवून बसे, दम घेई, पुन्हा खुर्ची उचले. तिसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवून तो मागे वळतो तर तिच्यावर शेजारीण बसलेली, आणि ती म्हणते, "थांबा हो, माझा नंबर आधी." एक नर्सबाई फस्सकन हसल्या. त्यांच्या खांद्याला खांदा लागलेला माणूस त्यांच्या हसण्याला हसला. मग त्याच्या पलीकडचा. हसू रांगेतून सरकत गेलं, मागच्या रांगेत उतरलं, आणि त्यानंतर ते फारसं थांबलंच नाही.

मालक काचेमागून केव्हा खाली आला ते तिला कळलं नाही. तिच्याशेजारी उभा राहून तो बराच वेळ पडद्याकडे न बघता माणसांकडे बघत होता.

"आठवडाभर ठेवतो," तो हळूच म्हणाला. "पण वर, छोट्या हॉलात. हा हॉल काही देणार नाही."

"मी मागितलाच नव्हता."

"हो, ते आहेच." त्यानं घसा साफ केला. "तुझ्या वडिलांनी मागितला असता." आणि झाडूवाल्यांना बोलवायला तो निघून गेला.

खेळ सुटला. लोक हिरोच्या पायाला वळसा घालून बाहेर पडले, कँटीनपुढे खरोखरच झुंबड उडाली. मामा दिग्दर्शिकेला विचारत होता की वहिनी आणखी पोस्टरं करतील का, आणि करतील तर खुर्चीवर जरा तो म्हातारा बसवतील का. ताई वर जाऊन, ऑपरेटरकडून छोट्या मशीनचा नंबर मोठ्यानं वाचून घेऊन, आकड्याला आकडा ताडून नवीन मेसेज पाठवून आली.

आई पायरीवर थांबली होती. चेहऱ्यावर खुर्चीच्या पाठीचा वळ.

"आई, झोपलीस?"

"मधे जरा डोळा लागला. पण बाई, छान होता हं. सगळे हसत होते तेव्हा मला जाग यायची, नि पुन्हा गाढ झोप लागायची." ती जरा ओशाळली. "तुझ्या बाबांच्या सिनेमात कधी झोप लागायची नाही. फार ढिशूमढिशूम. चल, आता घरी?"

"तू मामाबरोबर जा," ताई म्हणाली. "मला ऑफिस उघडायचंय."