तरंगनाथांची झोळी

खंडेनवमीला आमच्या तुर्भ्याच्या शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. व्हायरसने बंद पाडलेले संगणक तरंगनाथ महाराज हात न लावता चालू करणार, ही बातमी चाळीचाळीत पोचली होती. मी तिथे विज्ञान शिकवते. तंत्रज्ञ बोलवा म्हणून मुख्याध्यापक हौसेरावांच्या कधीची मागे लागले होते. त्यांनी महाराज बोलावले.

महाराज मांडीवर भगवी झोळी घेऊन दाराशी बसले. "ना तार, ना सीडी," ते म्हणाले. "श्रद्धेचं नेटवर्क पकडा, बाळांनो. रेंज थेट वरून येते."

शिष्य प्रत्येक संगणकाच्या पाठीला शेंदूर फासत फिरला. खंडेनवमीला आपण कोयत्यापासून रिक्षापर्यंत सगळ्याची पूजा करतो, त्यामुळे शेंदराखाली काय आहे हे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

महाराजांनी डोळे मिटले आणि एकामागून एक पडदे उजळले. आत नवीकोरी सिस्टीम! बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, हौसेरावांनी लोटांगण घातलं. फक्त लोखंडी कपाटापलीकडचा एक संगणक काळाच राहिला. तिथे नववीतली, वर्गात सगळ्यात हुशार राजेश्वरी बसायची; आत्ताही ती तिथेच उभी होती. महाराजांनी एक डोळा उघडला.

"इथं बसणारीच्या अंगात दोष आहे. तिला यंत्राला शिवू देऊ नका."

राजेश्वरीची आई शकुबाई एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांदा निवडते. ती पदर तोंडाशी धरून उभी होती. शेजारणी तिच्यापासून सरकल्या, आणि माझं डोकं फिरलं.

मी त्या संगणकामागचा शेंदूर नखाने खरवडला. खाली शेंगदाण्याएवढं उपकरण खोचलेलं निघालं. मग सरळ महाराजांची झोळी उचलली. ते पापाची भीती घालत राहिले, पण झोळी चांगली गरम होती आणि आत पंखा घुरघुरत होता. झोळी कपाटापलीकडे राजेश्वरीच्या टेबलावर ठेवून मी संगणक पुन्हा चालू केला. तोही मुकाट्याने सुरू झाला.

आतला लॅपटॉप काढून मी सगळ्यांना दाखवला. सिस्टीम यातून निघते, वायफायने हवेतून जाते, शिष्याने शेंदराखाली खोचलेलं उपकरण ती पकडतं आणि संगणकात भरतं. मध्ये लोखंड आलं की अडते. कुठलाही तंत्रज्ञ हेच करतो, फक्त कुणाच्या पोरीला अपशकुनी ठरवत नाही.

मग हौसेराव हात जोडून म्हणाले, "म्हणजे मॅडम, शक्ती झोळीत आहे तर." लोक झोळीच्या पाया पडायला रांगेत लागले. मला रडूच आलं.

संध्याकाळी शकुबाईच्या घरी जाऊन सगळं पुन्हा समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"मला पटलं, मॅडम," ती म्हणाली. "पर चाळीला कोन पटवनार? उद्या कुनाचं लेकरू आजारी पडलं की बोट माज्याच पोरीकडं. तिला गावाला आत्याकडं धाडतीय."

साताऱ्याकडच्या त्या वाडीत सातवीच्या पुढे शाळा नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. राजेश्वरी कपडे पिशवीत भरत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

वाचणाऱ्यांकडे एवढंच मागणं आहे. चमत्कार दिसला तर पाया पडण्याआधी त्याची मागची बाजू बघा. आणि कुणाच्या लेकीवर दोष टाकला जात असेल, तर तिथल्या तिथे, सगळ्यांनी मिळून पुरावा मागा. मी एकटीने मागितला, तो हातात धरून दाखवलाही, पण त्याने भागलं नाही.